वाजू दे, उचलू नको

सोनवणे सरांचा मोबाइल वाजायला लागला की सर तो खिशातून काढायचे, लांब धरून नंबर वाचायचे आणि वाजून थांबेपर्यंत तसाच हातात धरून बसायचे. उचलायचे नाहीत. बारामतीत माझा एसटीडीचा बूथ होता आणि सरांची बसायची जागा माझ्या पायरीवर, त्यामुळं तो कर्कश आवाज आधी माझ्या डोक्यात घुसायचा. मी म्हणायची, "सर, उचला की एकदाचा." सर म्हणायचे, "वाजू दे. उचलला की पैसे पडले." नव्वदीच्या शेवटी मोबाइल नवे नवे आले तेव्हा आलेला फोन उचलायलासुद्धा मिनिटामागं पैसे पडायचे. हे आता सांगितलं तर माझी सून हसते. हसू दे. पण त्या न उचलण्यापायी एका बापाचं पोर हातचं गेलं आणि ते मी समोर बसून बघितलंय, त्यामुळं मला काही हसू येत नाही.

सर मला सणसरच्या शाळेत विज्ञानाला होते. मूळचे पळसदेवचे, घरातले शिकलेले पहिलेच. त्यांच्या वडिलांनी धम्माची दीक्षा घेतली आणि लगोलग पोराला शाळेत बसवलं. हे सर स्वतः कधी सांगायचे नाहीत, मला त्यांच्या बायकोनं, कुसुमताईंनी सांगितलं. वर्गात सरांची एक खोड होती. कुठलाही प्रयोग करायचा तर काय होणार ते आधी तोंडानं सांगायचं. लिटमसचा कागद बुडवायच्या आधी त्याचा रंग सांगायचा. सांगितलेलं चुकलं तरी चालायचं, पण न सांगता कागद बुडवला की बाकावर उभं. "आधी सांग, मग कर," हे त्यांनी आमच्या डोक्यात इतकं भरलं की लग्न झाल्यावर कुकरची शिट्टी उचलतानासुद्धा मी मनात म्हणायची, आता वाफ येणार.

मग त्यांच्या घशाला गाठ झाली. ती काढली, पण डॉक्टरांनी सांगितलं, मोठ्यानं बोलायचं नाही. मोठ्यानं न बोलता मास्तरकी कशी करायची? सरांनी लवकर निवृत्ती घेतली. राहुल हा त्यांचा एकुलता एक, तो तेव्हा डिप्लोमा करून बारामतीच्या एमआयडीसीत लागला होता. सर सकाळी त्याच्याबरोबर पळसदेवहून एसटीनं यायचे, तो कारखान्यात जायचा आणि हे बाजारात फिरायचे. राहुलविषयी बोलताना सरांचा बसका आवाज जरा वर चढायचा आणि मग खोकला यायचा. असा जीव होता पोरात.

निवृत्तीचे पैसे आल्यावर सरांनी पहिली वस्तू कुठली घेतली, तर मोबाइल. चांगला वीटभर जाड. त्याला कुसुमताईंनी निळ्या लोकरीची पिशवी विणून दिली होती. अँटेना ओढून बाहेर काढावी लागायची, ती सर दातांनी ओढायचे आणि मला शिसारी यायची. नवी वस्तू एकट्यानं वापरणं सरांना जमायचंच नाही. चार दिवसांत माझ्या पायरीवर मोबाइलची शाळा भरली. भाजीवाले, पळसदेवचे मासळीवाले, टेम्पोवाले, ज्यांनी आयुष्यात मोबाइल घेतला नसता तेसुद्धा उकिडवे बसून शिकायचे. तिथंही तेच. "हिरवं बटण दाबल्यावर काय होणार? आधी सांग." नंबर साठवायचा कसा, आलेल्या फोनांची यादी बघायची कशी, आवाज बंद ठेवून नुसता थरथरता कसा ठेवायचा. एका मासळीवाल्याच्या हातात फोन थरथरला तर त्यानं तो सोडूनच दिला. म्हणाला, "सर, ह्यो जिता हाय." त्या दिवशी सर पोट धरून हसले आणि संध्याकाळपर्यंत त्यांना आवाजच नव्हता.

पण सरांनी जे खरं शिकवलं ते रिंग द्यायचं. फोन लावायचा, पलीकडं वाजला की ठेवून द्यायचा. पलीकडच्यानं उचलायचा नाही. न उचलल्यामुळं दोघांचेही पैसे वाचायचे आणि निरोप पोचायचा. पुण्याच्या मार्केटातून रिंग आली, गाडी खाली झाली. भिगवणहून आली, मासळी निघाली. कुणी गावाला गेलं की पोचल्यावर रिंग. डाळज, पळसदेव, इंदापूर, सगळीकडं हे लोण पसरलं. आणि माझा धंदा बसला. माणसं यायची, नंबर फिरवायची, ठेवून द्यायची आणि मशिनचा आकडा काही सरकायचा नाही.

मी एक दिवस तडकलेच. "सर, तुमी माझे गुरू हाय, पण पोटावर पाय देताय माझ्या."

सरांनी शांतपणे विचारलं, "रिंग द्यायला तुझी खुर्ची, पंखा, वेळ लागतो का?"

"लागतोच की."

"मग रिंगेचे आठ आणे घे. पाटी लाव."

मी लावली. कोण तोंड वाकडं करायचं, कोण शिव्या द्यायचं, पण द्यायचे आठ आणे. पहिले आठ आणे सरांनीच दिले होते.

माझ्या बूथवरच्या मजल्यावर शेअरचं ऑफिस निघालं होतं. बाळासाहेब म्हणून एकजण ते चालवायचे. छतावर मोठी तबकडी, आत कॉम्प्युटर, त्यावर भाव हलायचे आणि समोर बाकांवर माणसं बसलेली. सर तिथं गेले ते नुसतं बघायला. पण एखादी गोष्ट कशी चालते ते कळेपर्यंत त्यांना चैन पडायचं नाही. सहा-आठ महिने त्यांनी एक रुपया लावला नाही, नुसते भाव लिहीत बसले. मग मला समजावलं. शेअर सोमवारी घ्यायचा, शुक्रवारच्या आत विकून टाकायचा. हातातसुद्धा घ्यायचा नाही, भाव जेवढा वरखाली झाला तेवढा फरक द्यायचा किंवा घ्यायचा. मी म्हटलं, "म्हंजे जुगारच की." सर म्हणाले, "बाहेरचा भाव ठरवला नाही तर जुगार."

हा बाहेरचा भाव म्हणजे सरांचं नवं वेड. शेअर घ्यायच्या आधीच ठरवायचं की किती खाली गेला तर विकून बाहेर पडायचं. तिथं आला की विकायचं. का पडला, परत चढेल का, हे विचारायचंच नाही. दुपारी ते जिन्यावर बसून हे शिकवायचे. माणसांना हवी असायची टीप, कुठला शेअर चढणार ते सांगा. सर टीप द्यायचे नाहीत. सणसरचे पेरूवाले शिवाजीराव एकदा हटूनच बसले. "सर, एक नाव सांगा, मी जातो."

सरांनी विचारलं, "शिवाजीराव, फांदीला रोग आला तर काय करता?"

"कापतो."

"फळं असतात की तिला."

"असू द्या की. ठेवली तर झाड जातं."

"मग वरती जाऊन काल पडलेला शेअर आधी विका. नाव उद्या सांगतो."

शिवाजीराव पुटपुटत वर गेले आणि विकून आले. उद्याचं नाव काही सरांनी सांगितलं नाही. मला मात्र या बाहेरच्या भावानं छळलं. मी बूथसाठी नवं मशिन घेतलं तर सर म्हणाले, "किती महिने तोट्यात गेलं तर विकणार, ते ठरवलंस का?" माझ्या भाचीचं लग्न ठरलं तेव्हाही हेच विचारायला तोंड उघडत होते. मी नुसतं बघितलं त्यांच्याकडं, मग गप बसले.

राहुल संध्याकाळी पाळी सुटली की बापाला न्यायला यायचा. देखणा पोरगा, कमी बोलायचा, मला ताई म्हणायचा, सरांना नाना. जिन्यावर एका पायरीवर बसून ऐकायचा. थोड्या दिवसांत त्याला सगळं आलं. मोबाइल तर तो न बघता चालवायचा. सर मला म्हणाले, "नंदा, सबंध नोकरीत असा विद्यार्थी मिळाला नाही बघ." एवढा आनंद त्यांच्या तोंडावर मी आधी कधी बघितला नव्हता. सरांच्या नावावर तो थोडं थोडं घेऊ-विकू लागला, जमायला लागलं, आणि एक दिवस त्यानं कारखान्याची नोकरी सोडली. सर नाही म्हणाले नाहीत. मला त्यांचा अजूनही राग येतो तो इथं. स्वतःच शिकवलेलं पोरगं करतंय म्हटल्यावर त्यांना नाही म्हणवेना.

कुसुमताई मुद्दाम बारामतीला आल्या तेव्हा. माझ्या बूथमध्ये बसल्या आणि रडल्या. "नंदा, ह्यांना शिकवायला मिळालं की ह्यांना काय दिसत न्हाय गं. माझं पोर कामाला जात हुतं, घामाचं खात हुतं. आता निजताना पण भावच बडबडतंय. मला दुसरं काय नगं, पोर तेवढं जागेवर ऱ्हाऊ दे." मी चहा मागवला.

त्या पावसाळ्यात सरांचा घसा परत धरला. डॉक्टरांनी प्रवास बंद केला. मग बापलेकांनी ठरवलं. वर ऑफिसात राहुल बसणार. सकाळी जायच्या आधी सर त्याला बाहेरचा भाव सांगणार. भाव तिथवर आला की राहुलनं विकायचं आणि मोबाइलवर एक रिंग द्यायची. रिंग आली म्हणजे विकलं, बाहेर पडलो. पळसदेवला तेव्हा रेंज नव्हती. सर एम-एटी गाडीवरून हायवेला यायचे, डाळजच्या चढावर चहाच्या टपरीपाशी रेंज यायची, तिथं बाकड्यावर फोन घेऊन बसायचे.

राहुल रिंग द्यायला माझ्याकडं यायचा. आठ आणे आधी ठेवायचा, नंबर फिरवायचा, वाजलं की ठेवायचा. मग रिसीव्हरवर हात तसाच ठेवून थोडा वेळ उभा राहायचा. मी विचारायची, "काय रे, विकलं का?" "व्हय ताई," म्हणायचा आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर पळायचा. पुढं त्याचं तोंड उतरलेलं दिसायला लागलं, डबा न खाता परत न्यायला लागला. मला वाटलं, तोट्यात विकावं लागत असेल, म्हणून असेल.

तो विकतच नव्हता. उद्या चढेल म्हणून धरून ठेवायचा, पडलं की आणखी घ्यायचा आणि खाली येऊन बापाला रिंग द्यायचा, बाहेर पडलो म्हणून. मग एका आठवड्यात भाव असे आपटले की वरची माणसं बाकावरून उठायची विसरली. बाळासाहेबांनी पळसदेवला माणूस धाडला. सर आले, वर गेले. खाली आले ते कठडा धरून. माझ्या पायरीवर बसले. मी पाणी दिलं, ते हातातच राहिलं.

"नंदा, रोज रिंग येत होती गं."

"व्हय सर, हितनंच द्यायचा."

"एक शब्द बोलला असता तरी मी ओळखलं असतं. लहानपणापासनं खोटं बोलताना त्याचा आवाज बारीक होतो. रिंगेत कुठला आवाज?"

हे त्यांनी इतक्या हळू सांगितलं की मला वाकून ऐकावं लागलं. मीच का त्या मशिनपाशी बसले होते, असं वाटलं.

सरांनी सगळं मिटवलं. निवृत्तीचे पैसे गेले, पाण्याकडचा जमिनीचा तुकडा गेला. राहुलला ते एका शब्दानं बोलले नाहीत. बोलायला घसाच नव्हता, हेही खरं. पण ते घसा ठीक असता तरी बोलले नसते. सर वर्गात चिडले की असेच गप व्हायचे, त्यापेक्षा दोन छड्या बऱ्या, असं आम्हाला वाटायचं. घरात तशी शांतता किती दिवस चालली देव जाणे. एका सकाळी राहुल आईला म्हणाला, "काम बघाया जातो. पोचलो की रिंग देतो, नानांना म्हणावं उचलू नका. आणि मला हुडकू नका." गावाला जाणारं प्रत्येक माणूस तेव्हा असंच म्हणायचं, पोचलो की रिंग देतो, उचलू नका. कुसुमताईंनी भाकरी बांधून दिली.

दोन दिवसांनी रिंग आली. मग येतच राहिली, सकाळी शेअरबाजार उघडायच्या वेळेला. नंबरावर जालन्याचा कोड दिसायचा, रोज तोच नंबर. सर त्या वेळेला डाळजच्या चढावर हजर. माझी नणंद डाळजला दिलेली, तिच्याकडं गेले होते तेव्हा मी बघितलं. सर बाकड्यावर बसलेले, शेजारी कुसुमताई. फोन वाजला. सरांनी तो दोन्ही हातात धरला. वाजतोय, वाजतोय, थांबेचना.

कुसुमताई म्हणाल्या, "अवो, उचला की. एकदा आवाज तरी ऐकू द्या माझ्या पोराचा."

"त्यानं उचलू नका म्हणून सांगितलंय."

"सांगितलंय तर सांगितलंय. बाप हाय का कोण हाय तुमी?"

"उचलला आणि घाबरून रिंग द्यायचा बंद झाला, तर मग माझ्याकडं काय राहिलं, कुसुम? हे वाजतंय म्हणजे तो बरा आहे."

मीही म्हटलं, "सर, एक रिंग द्यायची असती तर केव्हाच ठेवला असता. हा केवढा वाजतोय."

"वाजू दे," सर म्हणाले. "वाजतोय तेवढा वेळ तो तिथं उभा आहे ना." फोन थांबला. सरांनी तो शर्टाच्या टोकानं पुसला आणि लोकरीच्या पिशवीत घातला. कुसुमताई तोंड फिरवून रस्त्याकडं बघत बसल्या.

आणि मग रिंग यायची थांबली. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. सर बारामतीला आले. दाढी वाढलेली. यादीतला नंबर माझ्यापुढं धरला. "नंदा, लाव. तू बोल."

मला नंबर बघूनच वाटत होतं, आणि तसंच निघालं. जालन्याच्या स्टँडजवळचा एसटीडी बूथ. माणूस बोलायला बरा होता. मी सांगितलं, मीपण बूथवालीच, असा असा पोरगा रोज फोन लावायचा. त्याला लगेच कळलं.

"ते उंच पोरगं का? यायचं की रोज. फोन लावायचं, वाजवत राहायचं, पलीकडून कुणी उचलायचंच नाही. मी म्हणलं, नंबर चुकत असेल बाबा. तर म्हणे, नंबर बरोबर आहे, वडील रागावलेत. एकदा उचलला की माफी मागतो आणि घरी जातो, म्हणायचं."

"आता कुठं हाय तो?"

"गेलं की. मागल्या आठवड्यात. म्हणलं, आज शेवटचा लावतो. लई वेळ वाजवला. मग माझे रिंगांचे राहिलेले पैसे दिले आणि गेलं. कुठं ते नाही सांगितलं."

सर माझ्या तोंडाकडं बघत होते. मला खोटं बोलता आलं असतं. पण आधी सांग, मग कर, असं ज्यानं शिकवलं त्या माणसापुढं तोंडातून खोटं फुटेना. मी जसंच्या तसं सांगितलं. सरांनी विचारलं, "घरी जातो म्हणाला?" मी म्हटलं, "व्हय." त्यांनी परत विचारलं, "एकदा उचलला की?" मी मान हलवली. ते उठले, खिशातून पैसे काढून मशिनवरचा आकडा बघून माझ्यापुढं ठेवले आणि नीट चपला घालून निघून गेले. मी पैसे परत द्यायला मागं धावले, ते थांबले नाहीत.

त्यानंतर वर्षभरानं मी नणंदेकडं चालले होते. एसटी डाळजच्या चढावर थांबली. सर बाकड्यावर होते, एकटेच. फोन हातात, अँटेना ओढलेली. माझ्या शेजारी बसलेला टेम्पोवाला म्हणाला, "ह्या मास्तरला आता कुणी रिंग देत न्हाय. पट्कन उचलतंय आन् बसतंय बोलत. दोघांचंबी पैसं जात्यात."

तेवढ्यात फोन वाजला. पहिली रिंग पुरती व्हायच्या आत सरांनी हिरवं बटण दाबलं. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. सरांचा आवाज परत बसला होता, पण ते जोर लावून बोलत होते, डॉक्टरांनी नको सांगितलं होतं तसं.

"हां, बोल. कोण? इंदापूरचा का? बरं बरं. चुकून लागला असू दे. ठेवू नको, ऐक. कुणी विचारलं तर सांग, सोनवणे सर आता फोन उचलतात. काय? हां, उचलतात म्हणावं. सगळ्यांना सांग बाबा, मी आता उचलतो."

कंडक्टरनं बेल दिली आणि गाडी निघाली.